जाहिरातदार बेपत्ता, पैसे घेणारा हजर

३ ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने दोन सूचनापत्रे काढली, एक खासगी वाहिन्यांसाठी आणि दुसरे डिजिटल वृत्तप्रकाशक व ओटीटी मंचांसाठी. फेअरप्ले, परीमॅच, बेटवे, वुल्फ ७७७ आणि वनएक्सबेट या परदेशी सट्टा कंपन्यांची नावे त्यांत थेट घेतली होती. मंत्रालयाचे म्हणणे असे, की या कंपन्या बातम्यांच्या संकेतस्थळांच्या आडून स्वतःची जाहिरात करतात, दोन्हींची बोधचिन्हे डोळ्यांत भरण्याइतकी सारखी असतात, आणि ना सट्ट्याचा मंच भारतातल्या कुठल्या कायद्याखाली नोंदलेला असतो, ना ते बातम्यांचे संकेतस्थळ. क्रिकेट पाहणाऱ्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल. पडद्यावर झळकणारे नाव ‘वनएक्सबेट’ नसे, ‘वनएक्सबॅट’ असे. रोमन लिपीतल्या ‘ई’च्या जागी ‘ए’ घातला, खाली ‘स्पोर्टिंग लाइन्स’ अशी ओळ जोडली आणि अक्षरांचे वळण तेच ठेवले, की सट्ट्याचे दुकान क्रीडा-संकेतस्थळ म्हणून उभे राहते. तिथे कुणी बातम्या वाचायला यावे अशी अपेक्षाच नसते. नाव डोक्यात बसावे आणि पुढे मोबाइलवर शोधताना बोटांनी मूळ अक्षरावर जावे, एवढ्याचसाठी सामन्यादरम्यानचे ते महागडे सेकंद विकत घेतलेले असतात. ते सेकंद विकणारा मात्र परदेशात नसतो. त्याचे कार्यालय, बँक खाते, करभरणा आणि वकील सगळे इथेच असतात.

माझे म्हणणे याच फरकावर उभे आहे. सट्ट्याच्या जाहिरातींवरचे आपले नियंत्रण आजवर सगळा वेळ जाहिरातदाराच्या मागे लागले. तो कुरासाव, सायप्रस, दुबई अशा कुठल्या तरी ठिकाणी बसलेला, आपल्या नोटिशीला उत्तर देण्याचे कारण नसलेला. जाहिरात दाखवणारा, छापणारा, ती तयार करणारा आणि तिच्यात चेहरा देणारा यांना मात्र विनंत्या झाल्या, समज दिली गेली. कायदा अपुरा होता म्हणून हे अपयश आले, असे सांगितले जाते. ते थोडेसेच खरे आहे. मोठे कारण हे, की कायद्याचा हात जिथे पोहोचत होता तिथे तो उगारलाच गेला नाही.

मंत्रालयाच्या सूचनापत्रांची नुसती मालिका पाहिली तरी हे कळते. डिसेंबर २०२० मध्ये वाहिन्यांना सांगण्यात आले, की पैशांच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिराती भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या म्हणजे ‘आस्की’च्या नियमांप्रमाणेच असाव्यात. १३ जून २०२२ रोजी सट्ट्याच्या जाहिराती टाळण्याची सूचना आली, ऑक्टोबरात वर सांगितलेली दोन पत्रे. ६ एप्रिल २०२३ रोजी पुन्हा पत्र, कारण मोठ्या इंग्रजी आणि हिंदी दैनिकांतही या जाहिराती छापून आल्या होत्या. २५ ऑगस्ट २०२३ रोजी आणखी एक. त्यात मोठ्या स्पर्धा, विशेषतः क्रिकेटच्या, आल्या की या जाहिराती वाढतात अशी नोंद आणि न ऐकल्यास कारवाईचा इशारा होता. २१ मार्च २०२४ रोजी समाजमाध्यमांवरील प्रभावकांना उद्देशून पत्र निघाले, त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही स्वतंत्र सूचना काढली. सव्वातीन वर्षांत एकच गोष्ट इतक्यांदा सांगावी लागते, याचा अर्थ ऐकणाऱ्याला न ऐकण्याची किंमत मोजावी लागलेली नाही. एप्रिलच्या पत्रानंतर एखाद्या दैनिकाकडून त्या पानाचे पैसे वसूल झाले असते, तर ऑगस्टचे पत्र लिहिण्याची वेळ कदाचित आली नसती.

बरे, वाहिन्यांपुरता तरी कायद्याचा आधार आधीपासून होता. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत २००६ साली दुरुस्ती झाली आणि आस्कीच्या संहितेचा भंग करणारी जाहिरात केबलवरून दाखवता येणार नाही असे कलम आले. एका खासगी, स्वेच्छेने चालणाऱ्या संस्थेच्या नियमांना सरकारने असे बळ दिले, ही साधी गोष्ट नव्हती. आस्की १९८५ पासून मुंबईत आहे. जाहिरातदार, माध्यमे आणि जाहिरातसंस्था यांनीच ती उभारली. तक्रार आली की संस्था जाहिरातदाराकडे खुलासा मागते, तक्रार समिती निर्णय देते, आणि जाहिरात बदला किंवा मागे घ्या अशी शिफारस होते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही. साबण किंवा शिकवणीच्या जाहिरातीत ही पद्धत बऱ्यापैकी चालते, कारण त्या कंपनीला उद्याही याच बाजारात राहायचे असते आणि अब्रूची चाड असते. सट्टा कंपनीला ती नसते. शिवाय खुलाशाची मुदत दिवसांत मोजली जाते आणि वीस षटकांचा सामना साडेतीन तासांत संपतो. आयपीएलचा अख्खा हंगाम दोन महिन्यांचा. निकाल येतो तोवर जाहिरातीने आपले काम केलेले असते आणि नवी जाहिरात नव्या नावाने आलेली असते.

इथे आस्कीवर अन्याय होऊ नये. संस्था हातावर हात ठेवून बसलेली नाही. तक्रारीची वाट न पाहता तिने स्वतः देखरेख सुरू केली आणि जे दिसले ते उघड छापले. २०२४-२५ च्या अहवालानुसार तिने सात हजारांवर जाहिराती तपासल्या. त्यांतल्या सुमारे ४३ टक्के, म्हणजे तीन हजारांहून अधिक, परदेशी सट्ट्याच्या होत्या, आणि त्या तिने मंत्रालयाकडे पाठवल्या. तपासलेल्या जाहिरातींत डिजिटल माध्यमाचा वाटा ९४ टक्क्यांच्या आसपास होता. त्याच अहवालातला मला सगळ्यात बोलका वाटलेला आकडा वेगळाच आहे. टीव्ही आणि छापील माध्यमांत आस्कीच्या निर्णयांचे पालन ९८ टक्के झाले, डिजिटलमध्ये त्याहून बरेच कमी. जिथे दाखवणारा ओळखता येतो, त्याच्यावर परवान्याचे किंवा नियमाचे बंधन असते, तिथे तीच दंडहीन संस्था परिणामकारक ठरते. जिथे मधला माणूस ‘मी फक्त जागा दिली’ म्हणून सुटतो, तिथे ती हतबल होते. म्हणजे दोष स्वनियमनाच्या कल्पनेत जेवढा आहे, त्याहून जास्त त्याच्या पाठीशी कुणी उभे नसण्यात आहे.

या जाहिराती फसव्या कशा, हे जरा जवळून पाहायला हवे, कारण ‘जुगार वाईटच, त्याची जाहिरातही वाईट’ एवढ्यावर थांबले तर मुद्दा नीतीचा होतो आणि नियंत्रकाची जबाबदारी बाजूला पडते. पहिली फसवणूक कायदेशीरपणाची. मोठ्या वाहिनीवर, ओळखीच्या खेळाडूच्या तोंडून नाव आले की पाहणाऱ्याला वाटते, बेकायदा असते तर दाखवले असते का? माध्यमाची पत जाहिरातदार भाड्याने घेतो. दुसरी फसवणूक कमाईची. आस्कीच्या १५ डिसेंबर २०२० पासूनच्या नियमांनुसार असा खेळ उत्पन्नाचा मार्ग किंवा नोकरीला पर्याय म्हणून दाखवता येत नाही, अठरा वर्षांखालचे कुणी त्यात असता कामा नये, आणि आर्थिक जोखीम व व्यसनाचा इशारा छापील जाहिरातीच्या किमान वीस टक्के जागेत हवा. दृक्‌श्राव्य जाहिरातीत तो नेहमीच्या बोलण्याच्या वेगात वाचला जावा असेही नियम सांगतो. प्रत्यक्षात काय ऐकू येई, हे टीव्ही असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. जाहिरातीच्या शेवटी एक हिंदी वाक्य इतक्या भरधाव वेगाने निघून जाई, की त्यात सवय, जोखीम आणि जबाबदारी हे शब्द होते हे शंभरदा ऐकल्यावर उमगावे. तीस सेकंदांतली सव्वीस जिंकणाऱ्याच्या आनंदासाठी आणि उरलेली चार धोक्यासाठी, तीही वाक्य न समजावे अशा बेताने.

ब्रिटनमध्ये हेच थोड्या वेगळ्या रीतीने झाले. तिथल्या सट्टा उद्योगाने २०१५ मध्ये स्वतःच एक इशारा आणला : मजा संपली की थांबा. त्या इशाऱ्यात ‘मजा’ हाच शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेला असे. पुढे संशोधकांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा त्या इशाऱ्याने पैज लावण्याचे प्रमाण कमी होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. जो इशारा विक्रेता स्वतः लिहितो, तो विक्रीच्या आड येणार नाही एवढी काळजी तो घेतोच. ब्रिटनचे उदाहरण आणखी एका कारणाने उपयोगी आहे. तिथे सट्टा कायदेशीर आहे आणि २००५ च्या जुगार कायद्यानंतर, २००७ पासून, त्याची टीव्ही जाहिरातही मोकळी झाली. तिथली जाहिरात मानक संस्था आस्कीसारखीच दंड करू शकत नाही. फरक एवढाच, की तिथल्या सट्टा कंपनीकडे जुगार आयोगाचा परवाना असतो आणि जाहिरातीचे नियम त्या परवान्याच्या अटींना जोडलेले असतात. आपल्याकडे परदेशी बुकीला परवानाच नाही, तेव्हा गमावण्यासारखेही काही नाही. मग धाक घालायचा तर तो कुणाला?

तिसरी फसवणूक सर्वांत खोल आहे आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. जवळजवळ प्रत्येक जाहिरात सांगते, की जिंकलेले पैसे लगेच खात्यात जमा होतील. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ३० म्हणते, की पैजेचा करार शून्य आहे आणि जिंकलेली रक्कम वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ पासूनचा एक वेगळा कायदा सट्ट्याच्या अनुषंगाने केलेले इतर करारही शून्य ठरवतो. म्हणजे जाहिरातीतले मुख्य आश्वासन असे आहे, की ते पाळले गेले नाही तर या देशातले कुठलेही न्यायालय ते पाळायला लावणार नाही. प्रत्यक्ष व्यवहार पाहिला की याचा अर्थ कळतो. जाहिरातीत बहुतेक वेळा एक व्हॉट्सॲप क्रमांक असतो. त्यावर संदेश टाकला की ‘आयडी’ मिळते. आधी पैसे भरायचे, आणि ते ज्या खात्यात किंवा यूपीआयवर भरायचे ते कुणा अनोळखी माणसाचे असते. चार दिवसांनी विचारले तर खाते दुसरेच असते. महादेव या सट्ट्याच्या ॲपच्या तपासात सक्तवसुली संचालनालयाने म्हणजे ‘ईडी’ने या रचनेचे वर्णन केले आहे : मूळ चालक ‘पॅनेल’ म्हणजे शाखा वाटतो, आणि तो व पॅनेल चालवणारे नफा ७०-३०च्या प्रमाणात वाटून घेतात. जिंकलेला माणूस पैसे मागायला गेला, तर ज्याच्याकडे मागायचे तो क्रमांकच बंद झालेला असतो. पोलिसांत जावे तर आपणही सट्टा लावला हे आधी सांगावे लागते. इतके सगळे ठाऊक असताना ‘भरवशाचे, झटपट पैसे’ ही ओळ छापणाऱ्याने आपण काय छापतो आहोत हे तपासले नाही, एवढे म्हणणे पुरेसे नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या साध्या अर्थाने ती दिशाभूल आहे.

आणि त्या कायद्यात दात आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्यांदा दहा लाख आणि पुढे पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरातीत चेहरा देणाऱ्याला पहिल्यांदा एक वर्षापर्यंत आणि पुढे तीन वर्षांपर्यंत जाहिराती करण्यास मनाई होऊ शकते, मात्र त्याने पुरेशी शहानिशा केली असल्यास सुटका आहे. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर आडून केलेल्या जाहिरातींवर स्पष्ट बंदी घातली. मद्याच्या नावाचा सोडा आणि गुटख्याच्या नावाची वेलची आपण अनेक वर्षे पाहिली. तोच धडा सट्टेवाल्यांनी उचलला, आणि त्यांनी बाटलीऐवजी बातम्यांचे संकेतस्थळ उभे केले. तेव्हा ‘कायदाच नव्हता’ हे कारण २०२२ नंतर तरी देता येत नाही.

खेळाडूंच्या बाबतीत महाराष्ट्राने एक प्रसंग पाहिला. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस तेव्हाचे आमदार बच्चू कडू आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी सचिन तेंडुलकर यांच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केले. भारतरत्न मिळालेल्या माणसाने ऑनलाइन गेमची जाहिरात करू नये, ही मागणी होती. त्या आंदोलनाच्या पद्धतीविषयी मतभेद असू शकतात. पण ती जाहिरात त्या वेळी बेकायदा नव्हती, हे विसरता कामा नये. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ यांत न्यायालयांनी फरक केला होता, आणि पैसे लावून खेळायचे फँटसी क्रिकेट व रमी कौशल्याच्या बाजूला उभे राहून खुशाल जाहिरात करत होते. परदेशी सट्टेवाल्याला त्यातून आयते छत्र मिळाले. पाहणाऱ्याला एका जाहिरातीत संघ निवडून पैसे लावा आणि दुसरीत निकालावर पैसे लावा, यांतला फरक समजावा कसा? दोन्हींत तोच सामना, तसाच खेळाडू आणि शेवटी तेच भरधाव वाक्य.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने हा फरकच पुसून टाकला. ऑनलाइन गेमिंगचे संवर्धन व नियमन करणारा कायदा लोकसभेत २० तारखेला, राज्यसभेत २१ तारखेला मंजूर झाला आणि २२ तारखेला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा प्रत्येक ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, त्याने निषिद्ध ठरवला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. जाहिरातीवरची बंदी थेट आणि अप्रत्यक्ष दोन्ही प्रकारांना कवेत घेते, आणि ती तयार करण्यात कुठल्याही प्रकारे सामील असलेल्यालाही. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. कौशल्याच्या खेळावर सरसकट बंदी घालणे घटनेत बसते का, हा प्रश्न गंभीर आहे आणि त्याचे उत्तर न्यायालय देईल. माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे आहे ते राष्ट्रपतींच्या संमतीनंतरच्या काही दिवसांत घडलेले. ड्रीम ११ ही मुंबईची कंपनी. भारतीय संघाच्या जर्सीवर नाव लावण्यासाठी जुलै २०२३ मध्ये तिने ३५८ कोटींचा तीन वर्षांचा करार केला होता. संमतीची शाई वाळते न वाळते तोच तिने पैशांचे खेळ थांबवले आणि करारातून अंग काढले. सप्टेंबरात भारतीय संघ आशिया चषकात प्रायोजकाच्या नावाविना खेळला. जिच्यावर कायद्याचा हात पडू शकत होता, ती कंपनी आठवडाभरात वाटेवर आली. परदेशी सट्टेवाले तसे आले नाहीत. २०२५-२६ च्या पहिल्या सहामाहीतही आस्कीच्या यादीत सर्वाधिक जाहिराती त्यांच्याच होत्या.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : बंदीमुळे पत्ता असलेल्या, कर भरणाऱ्या कंपन्या संपल्या आणि ग्राहक आपोआप परदेशी बुकीकडे ढकलला गेला. यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे. पण या युक्तिवादाचा पुढचा टप्पा क्वचितच कुणी बोलतो. परदेशी बुकीचे इथे दुकान नाही, गल्लीत ओळखीचा माणूस नाही. मटक्याचा धंदा करणाऱ्याला मुंबईत जाहिरातीची गरज नव्हती. आकडा घेणारा माणूस चाळीच्या तोंडाशीच उभा असे. परदेशी कंपनीला अनोळखी ग्राहकापर्यंत जाण्यासाठी जाहिरात लागतेच लागते. तिची पोहोच जाहिरातीइतकीच आहे. म्हणून धोका परदेशी असेल, तर जाहिरात रोखणे हा दुय्यम उपाय ठरत नाही, तो पहिला ठरतो. संकेतस्थळे बंद करण्याचे काम सरकारने केले आहेच. २०२२ पासून जून २०२५ पर्यंत अशा दीड हजारांवर आदेश निघाले. पण एक पत्ता बंद झाला की नावापुढे आकडा जोडून दुसरा उघडतो, आणि नवा पत्ता ग्राहकाला कळतो तो पुन्हा जाहिरातीतूनच.

‘पण जाहिरातदारच परदेशात, आपला कायदा काय करणार?’ या प्रश्नाचे उत्तर मुंबईनेच सत्तर वर्षांपूर्वी मिळवून ठेवले आहे. त्या काळी शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचे पेव फुटले होते. आर. एम. डी. चमारबागवाला यांची कंपनी म्हैसूर राज्यात नोंदलेली, स्पर्धा ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाच्या साप्ताहिकातून चाले, आणि ते साप्ताहिक बंगळूरमध्ये छापले जाई. मुंबई राज्याने १९४८ च्या आपल्या लॉटरी व बक्षीस स्पर्धा नियंत्रण कायद्यात १९५२ साली दुरुस्ती करून बाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांतल्या स्पर्धाही कक्षेत आणल्या आणि त्यांच्यावर कर लावला. कंपनीचा बचाव आजच्यासारखाच होता : आम्ही तुमच्या राज्यात नाहीच. मुंबई उच्च न्यायालयात तिची सरशी झाली. सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी तो निकाल फिरवला. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या निकालाचे दोन भाग आहेत. पहिला, जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही. दुसरा भाग आजही तितकाच जिवंत आहे : पत्र बाहेर छापले जात असले तरी त्याचा खप मुंबई राज्यात मोठा आहे, इथल्या लोकांना आवाहन केले जाते, प्रवेशपत्रे आणि शुल्क गोळा करणारी केंद्रे इथे आहेत, पैसा इथून जातो; तेव्हा राज्याचा आणि या धंद्याचा पुरेसा संबंध आहे. बंगळूरच्या जागी कुरासाव घाला, साप्ताहिकाच्या जागी ॲप, आणि शुल्क गोळा करणाऱ्या केंद्राच्या जागी उसन्या नावाचे बँक खाते. संबंध अजूनही तितकाच घट्ट आहे, उलट जास्तच. त्या केंद्रांना कुलूप लावता येते, ही बाब मुंबई राज्याला १९५२ मध्ये समजली होती.

आजची केंद्रे कोणती? एक, पैसे फिरवणारी खाती. त्यांच्यामागे तपास यंत्रणा लागल्या आहेत आणि ते काम त्यांचेच. दुसरी म्हणजे जाहिरातीची जागा विकणारे. यांतले सगळ्यात मोठे आता वाहिन्या किंवा दैनिके नाहीत, समाजमाध्यमे आणि शोधयंत्रे आहेत. ईडीने जुलै २०२५ मध्ये गुगल आणि मेटा यांच्या प्रतिनिधींना याच विषयात चौकशीसाठी बोलावले. या कंपन्यांचा बचाव माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ वर उभा असतो : आम्ही मध्यस्थ, दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला जबाबदार नाही. कुणी फुकट टाकलेल्या मजकुराबाबत हा बचाव समजू शकतो. जाहिरात तशी नसते. तिच्यासाठी कंपनीने पैसे घेतलेले असतात, ती दाखवण्याआधी तपासलेली असते, आणि ती कुणाला दाखवायची हे स्वतःच्या यंत्रणेने ठरवलेले असते. जुगाराच्या जाहिराती परवानगीशिवाय घेणार नाही असे या कंपन्यांची स्वतःची धोरणेच सांगतात. जी कंपनी वीस वर्षांच्या, क्रिकेट पाहणाऱ्या, नाशिकमधल्या मुलापर्यंत नेमकी जाहिरात पोहोचवू शकते, तिला त्या जाहिरातीत काय आहे हे कळत नाही, हे मी मान्य करू शकत नाही.

इटलीने २०१८ मध्ये जुगाराच्या जाहिरातींवर जवळपास संपूर्ण बंदी घातली, तेव्हा दंडाची रचना जागा विकणाऱ्यालाही धरून केली. दंड जाहिरात देणाऱ्यावर, माध्यमाच्या किंवा संकेतस्थळाच्या मालकावर आणि स्पर्धेच्या आयोजकावर. जाहिरातीच्या किमतीच्या वीस टक्के, किमान पन्नास हजार युरो. तिथल्या संपर्क नियामकाने गुगल आणि मेटा यांनाही दंड केले, कंपन्या न्यायालयात गेल्या, लढाई सोपी नव्हती. इटलीला सगळे साधले असेही नाही. २०२४ मध्ये इंटर मिलानच्या जर्सीवर बेटसन या सट्टा कंपनीच्या नावाचे ‘स्पोर्ट’ संकेतस्थळ झळकले. आपल्याकडची ‘बातम्यांची’ युक्ती तिथेही पोहोचली होती. त्यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे : नाव आणि बोधचिन्ह यांचे साम्य हाच पुरेसा पुरावा मानला पाहिजे, मग मागे संकेतस्थळ बातम्यांचे असो की बूट विकण्याचे.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. माध्यमांवर जाहिरातींची जबाबदारी टाकली, की उद्या सरकार तोच दांडा पत्रकारितेवर चालवेल, ही भीती आपल्या देशात निराधार नाही. जाहिरातीलाही घटनेचे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने टाटा प्रेसच्या १९९५ च्या निकालात, मुंबईच्याच दूरध्वनी निर्देशिकेच्या वादात, सांगितले. त्याच निकालाने हेही सांगितले, की फसव्या आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना ते संरक्षण मिळत नाही. शिवाय मी सुचवतो आहे ती जबाबदारी मजकुराची नाही, पैशाची आहे. संपादकाने काय छापावे हे कुणी विचारू नये. जाहिरात विभागाने कुणाकडून, कशासाठी किती पैसे घेतले, हे विचारता आले पाहिजे. दुसरा आक्षेप राज्याच्या दुटप्पीपणाचा : महाराष्ट्र १९६९ पासून स्वतः लॉटरी चालवतो, महालक्ष्मीला शर्यती होतात, गोव्याच्या मांडवीत कॅसिनोची जहाजे उभी आहेत. दुटप्पीपणा आहेच. महाराष्ट्राने तर १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा करून तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. पण लॉटरीचे तिकीट विकणारे सरकार सापडते, त्याला न्यायालयात खेचता येते. परदेशी ॲपचे तसे नाही. एका बाजूची विसंगती दुसऱ्या बाजूच्या फसवणुकीला परवाना ठरत नाही.

चेहरा देणाऱ्यांविषयी तपास यंत्रणा आता जाग्या झाल्या आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ईडीने वनएक्सबेट प्रकरणात दोन माजी भारतीय क्रिकेटपटूंची अकरा कोटींहून अधिक किमतीची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. दोष ठरायचा तो न्यायालयात ठरेल. मला खटकते ते हे, की साखळीतला सर्वांत प्रसिद्ध दुवा पकडला की काम झाल्यासारखे वाटते. त्या खेळाडूशी करार करणारी जाहिरातसंस्था, चित्रीकरण करणारी कंपनी, ती जाहिरात दिवसातून वीसदा दाखवणारा मंच यांची नावे बातमीत येत नाहीत. क्रिकेटपटूला मिळते त्याच्या कितीतरी पट रक्कम जागा आणि वेळ विकत घेण्यात जाते.

करण्यासारखे काय आहे, ते नव्याने शोधावे लागत नाही. पतंजलीच्या जाहिरातींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये आदेश दिला, की जाहिरातदाराचे स्वघोषणापत्र असल्याशिवाय वाहिन्यांनी आणि वृत्तपत्रांनी जाहिरात घेऊ नये. जूनमध्ये त्यासाठी ऑनलाइन व्यवस्था उभी राहिली. उद्योगातून ओरड झाली, छोट्या जाहिरातदारांवर ओझे पडते हे खरेही होते, आणि जुलैत ती अट अन्न व आरोग्य या क्षेत्रांपुरती आखडली. त्या व्यवस्थेत खेळ, क्रीडावृत्त आणि पैशांचे खेळ यांच्या जाहिराती घालता येतील. परदेशी बुकी खोटे घोषणापत्र देईल, हे उघड आहे. उपयोग त्याच्या प्रामाणिकपणाचा नाहीच. घोषणापत्रावर भारतातल्या कुणीतरी, भारतातल्या पत्त्यासह, सही करावी लागेल, आणि ती नसताना पैसे घेतलेल्या मंचाला ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ म्हणता येणार नाही. जाहिरात बेकायदा ठरली तर मिळालेली संपूर्ण रक्कम जप्त व्हावी, दंड त्याच्यावर वेगळा. आणि कुणाकडून किती वसूल केले हे दर तिमाहीला जाहीर व्हावे. आस्कीने पाठवलेल्या तीन हजार प्रकरणांचे पुढे काय झाले, हे आज नागरिकाला कुठेही वाचायला मिळत नाही. तालुक्याच्या साप्ताहिकाला किंवा होर्डिंग भाड्याने देणाऱ्या शेतकऱ्याला हे जड जाईल, असे कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी मंत्रालयाने निषिद्ध नावांची आणि बोधचिन्हांची चालू यादी ठेवावी आणि यादीत नसलेल्या नावाबाबत पहिल्यांदा फक्त समज द्यावी. अशी यादी करणे अशक्य नाही : पाच नावे तर मंत्रालयाने २०२२ च्या पत्रात स्वतःच लिहिली आहेत, आणि संकेतस्थळे बंद करण्याच्या दीड हजार आदेशांत बाकीची आहेत.